आडवा न होणारा भाऊ

माझ्या धाकट्या भावाला लहानपणी लोक वेडा म्हणायचे, पुढे मतिमंद, मग विशेष आणि आता दिव्यांग. बढत्या मिळत गेल्या, काम तेच राहिलं. पेणजवळ हमरापूरला एका कारखान्यात तो गणपतींना पहिला पांढरा रंग देतो.

त्याला हर्निया झाला. ऑपरेशनसाठी रोह्याच्या एका रुग्णालयात दोनदा तारीख मिळाली आणि दोनदा आम्ही हात हलवत परत आलो. टेबलावर आडवा हो म्हटलं की हा गडी भिंतीला पाठ लावून उभा. धरून पाहिलं, तर वॉर्डबॉयचा चष्मा फुटला. डॉक्टर मला म्हणाले, "आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. समजावा त्याला." तो शेजारीच उभा होता. मी शाळेत शिकवते, समजावणं हाच माझा धंदा. पण त्याच्यापुढे माझी मात्रा चालत नव्हती.

मग रुग्णालयाने बैठक बोलावली. अशा रुग्णांची सोय कशी असावी हे रुग्ण, घरचे आणि डॉक्टर यांनी मिळून ठरवायचं, अशी नवी पद्धत आली होती. भिंतीवर फलक होता, 'तुमच्यासोबत, तुमच्यासाठी'. तुम्ही म्हणजे मी, हे लवकरच कळलं. बैठक चालवायला मुंबईहून आलेल्या बाईंनी मतं लिहायला रंगीत चिठ्ठ्या वाटल्या त्या घरच्यांना; रुग्णांना वाटले वेफर्स. बरीच चर्चा करून आम्ही शांत खोली, मंद दिवा आणि भिंतीवर मासे असं ठरवलं. माशांच्या रंगावरून एका काकांशी माझं भांडणच व्हायचं राहिलं. माझ्या भावाने वेफर्स संपवले.

मासे रंगवून झाल्यावर खोली दाखवायला आम्हाला पुन्हा बोलावलं; डॉक्टरही होते. बाई कौतुकाने भावाला म्हणाल्या, "आता झोपून बघता का?" तो माशांना पाठ लावून उभा राहिला. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाईंनी मला हातानेच थांबवलं. मला राग आला, खरं सांगते.

"का नको?" त्यांनी त्यालाच विचारलं आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"फुटलेला आडवा ठेवतात," तो म्हणाला. "मागच्या खोलीत. त्याला कोन घरी नेत नाय."

कारखान्यात धड मूर्ती फळीवर बसलेली असते. सोंड गेली, हात तुटला की ती मागच्या अंधारात आडवी पडते. इतके महिने आम्ही त्याला सुई टोचत नाही, दुखत नाही, असं सांगत होतो.

डॉक्टर पहिल्यांदाच त्याच्याकडे वळले. "जोडायचा असला तर ठेवतात का आडवा?"

त्याने विचार केला. "व्हय. जोडायला ठेवतात. मंग लगेच बसवतात."

"मीपण बसवीन."

"आनि ताई घरी नेईल?"

"नेईल," डॉक्टर म्हणाले. माझ्या वतीने परस्पर उत्तर देणारं माणूस मला तेव्हा प्रथमच भेटलं.

त्याच्या अटींवर सगळं ठरलं. टेबलापर्यंत खुर्चीत बसून, भुलीची पाठीतली सुई बसूनच आणि आडवा फक्त जोडण्यापुरता. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी शब्द पाळून, जमेल तितक्या लवकर पलंग डोक्याकडून वर केला. रुग्णालयाने फोटो काढले. त्यांत मासे छान आले आहेत.

घरी सोडलं त्या दिवशी गाडीत बसल्यावर त्याने माझा रुमाल मागितला. घाम पुसायला असेल म्हणून दिला, तर त्याने तो तोंडावरून घेतला, गणपती घरी नेताना झाकतात तसा. "दारात काढ," आतून हुकूम आला. नागोठणं गेलं, पेण आलं, ड्रायव्हर आरशातून बघत राहिला. मी कोणालाच काही समजावलं नाही.

दारात शेजारीण पुढे आली. "काय गो, डोळ्याचं होतं काय ऑपरेशन?"

तिला थांब म्हटलं, आतून तांब्या आणला आणि भावाच्या पायांवर पाणी घातलं.

"घर आलं?" त्याने रुमालाखालून विचारलं.

"आलं," मी म्हणाले आणि रुमाल काढला. मग डोळ्यांसाठी तो मलाच लागला.