पाऊण तासाचा निरोप

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका लांबलचक निरोप मॉरिसव्हिलमध्येच काय, अख्ख्या अमेरिकेत कुणी घेत नसेल. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले हे नागपूरचे गृहस्थ. ‘चला, निघतो’ म्हणून उठले की दार गाठायला त्यांना पाऊण तास लागे. माणसं झाली की देव, मग कुंडीतली तुळस; एकदा तर आमच्या नव्या डिशवॉशरलाही ‘येतो रे बाबा’ म्हणून गेले. तोवर ताटातल्या पोळ्या गार होत.

मला त्यांचा हेवा वाटे, लपवण्यात अर्थ नाही. माझी साडेतीन वर्षांची मिनू प्रीस्कूलला जायला लागली आणि सकाळी सकाळी उलट्या करू लागली. संध्याकाळी काका आले की मात्र त्यांना जाऊन बिलगे. उलटी माझ्या अंगावर, हसू मात्र काकांच्या खांद्यावर! डॉक्टरांनी तपासलं. वजन ठीक, पोट ठीक. कधी होतं ते लिहून ठेवा, म्हणाले. मी मात्र तिने काय खाल्लं तेच लिहीत बसले. आधी दूध बंद केलं, मग अंडं, मग स्ट्रॉबेरी. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवरून मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायला लावली, तर मोहऱ्यांच्या धुराने स्मोक अलार्म वाजून सगळी इमारत खाली उतरली. काकांनी तेवढ्यात चार अमेरिकनांशी ओळख करून त्यांचा रीतसर निरोपही घेतला.

एका शनिवारी मिनूने त्यांच्याकडे दोन वाट्या पोहे खाल्ले, वर दूध प्यायली, आणि काही म्हणजे काही झालं नाही. माझा नुसता जळफळाट झाला.

काकांनी विचारलं, “शनिवार-रविवारी कधी उलटी झाली का तिला?”

कधीच नाही.

“मग पोटाला वार कसा कळते? तिला शाळेत सोडून तू निघते कशी?”

मी सांगितलं, आईने शिकवलं तशी. ती खेळण्यात रमली की गुपचूप सटकते. आमच्या घरी सगळ्यांनाच असं सोडलंय.

“म्हणजे आई कोणत्या घडीला नाहीशी होईल, ते पोरीला माहीतच नाही. सकाळपासून धास्तावणारच ना बाई.”

मला भयंकर राग आला. ज्यांना स्वतःला निघता येत नाही त्यांनी मला निघायला शिकवावं! पण सोमवारी वर्गाच्या दारात मी गुडघ्यांवर बसले आणि तिला सांगितलं, आई आता निघतेय, तुझी दुपारची झोप झाली की येईन. ती रडली. गाडीत मीही रडले. उलट्या काही लगेच थांबल्या नाहीत. आठवड्यात चार होत्या त्या दोन झाल्या, मग एखादी, मग नाहीच. हल्ली मिनू घरातून निघताना दुधाच्या कपाचाही निरोप घेते. हे तिने माझ्याकडून उचललेलं नाही, हे उघडच आहे.

काकांचे सहा महिने संपले. ते निरोप घ्यायला आले तेव्हा मिनू म्हणाली, “ओके आजोबा, यू कॅन गो नाऊ,” आणि खेळायला पळाली. काका हसले आणि आयुष्यात पहिल्यांदाच पाच मिनिटांत निघाले. मीच त्यांना जिन्यातून परत बोलावलं. एकदा चिवड्याचा डबा द्यायला, एकदा नमस्कार राहिला म्हणून, आणि तिसऱ्यांदा कशासाठी, ते मला सांगता आलं नाही.