लाल फडक्याखालचं जेवण

मंगळवारी दुपारी साडेतीन वाजता माझी बायको वारली. मी शाळेत होतो. शिपाई वर्गाच्या दारात आला आणि म्हणाला, घरी बोलावलं आहे. मी खडू ठेवला आणि निघालो. तुळशीचं लग्न होऊन चार दिवस झाले होते.

तेराव्या दिवशी मी एका म्हातारीशी दोन शब्द खोटं बोललो. हे लिहितो आहे ते त्या दोन शब्दांपायी.

आधी बायको काय करत होती ते सांगायला हवं. नांदुऱ्याला स्टेशनाजवळ एक धर्मशाळा होती. महाराष्ट्र होऊन पाचसहा वर्षं झाली असतील, रेशनवर मिलो, म्हणजे अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी, मिळत होता आणि तोही पुरत नव्हता. धर्मशाळेच्या पुढच्या खोल्यांत गाडीचे प्रवासी उतरत. मागच्या पडवीत मात्र ज्यांना कुठे जायचंच नव्हतं अशी माणसं राहत. सरकी काढायच्या जिनात कापूस वेचून वेचून थकलेल्या बाया, मुलांनी विचारणं सोडलेले म्हातारे, बोटं झडलेलं एक जोडपं. गावात लग्न असो की तेरवी, शेवटची पंगत उठली की बायको त्या घराच्या मागच्या दारी जायची आणि आचाऱ्याला काय उरलं ते विचारायची. पानात वाढलेलं ती घेत नसे, भांड्यातलं घेई. उष्टं वेगळं आणि उरलेलं वेगळं, हे ती मोठमोठ्या यजमानांना डोक्यावरचा पदर सावरत उभ्या उभ्या सांगायची. तिच्या आधी ते सगळं गोठ्यात जायचं, नाहीतर खड्ड्यात.

या कामात तिघंच होती. ती, एक आचारी आणि एक टांगेवाला. टांगेवाला मुसलमान, स्टेशनावरच उभा राहणारा, माझ्याच वयाचा. वरणानं भरलेला गंज आणि पोळ्यांचं टोपलं तो टांग्यात मागे ठेवायचा आणि तिला धर्मशाळेपर्यंत न्यायचा. तिघं स्वतःला गमतीनं 'मंडळ' म्हणत. पाटी नव्हती, पावतीपुस्तक नव्हतं.

मी मंडळात नव्हतो. शाळेतून आलो की मी पुस्तक घेऊन बसायचो. शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी विचारायचं, "काय सर, आज कोणाच्या लग्नातलं गोळा केलं घरच्यांनी?" मी हसायचो आणि घरी येऊन गप्प बसायचो. एकदा मी तिला म्हणालो, हे आता पुरे कर. ती म्हणाली, "एकदा सोबत चला, मग सांगा." मी गेलो नाही.

तिच्या तेरवीला माणसं कमी आली आणि अन्न उरलं. संग्रामपूरहून आलेला माझा मेहुणा म्हणाला, बैलांना घाला. तेवढ्यात मागच्या दारी टांगा येऊन उभा राहिला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. टांगेवाला उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "मास्तर, साऱ्या गावाच्या घरून बाईनं नेलं. तिच्याच घरून नाही नेलं, तर कसं दिसंल?"

मी नाही म्हणू शकलो नाही. पोळ्यांवर झाकायला काही हवं म्हणून कपाट उघडलं. घडी केलेलं एक लाल फडकं मिळालं, ते टोपल्यावर घातलं आणि टांग्यात बसलो.

पडवीत सगळ्यांत पुढे ती म्हातारी बसायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, रंग तेवढे कळत. तिनं टोपल्याकडे मान वळवली, हात पुढे केला आणि विचारलं, "बाई नाही आल्या? कशा हायत?"

बाकीच्यांनी माझ्याकडे पाहिलं. गावात काय झालं ते त्यांना माहीत होतं. तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी तोंड उघडलं. तेरा दिवस जो आला त्याला मी एकच वाक्य सांगत आलो होतो. ते तिथे मला म्हणवेना. मी म्हणालो, "बरी आहे."

म्हातारी जेवली. बुंदी तिनं दोनदा मागून घेतली.

परतताना टांगेवाल्यानं घोडं मध्येच थांबवलं. तो बाहेर टांग्यापाशीच राहिला होता, आत काय झालं ते त्याला माहीत नव्हतं. पण रिकाम्या टोपल्यावरचं फडकं त्यानं आता पाहिलं होतं. "मास्तर, फडकं लाल नेलं तुमी?"

मग त्यानं सांगितलं. म्हातारीचा एकुलता एक मुलगा काही वर्षांपूर्वी कामाला म्हणून भुसावळकडच्या गाडीत बसला. त्यानंतर पत्र नाही, निरोप नाही. तो आहे की नाही हे कळल्याशिवाय कोणाच्याही तेरवीचं खायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. खाल्लं तर आपणच त्याला मेलेला धरलं असं होईल. म्हणून बायकोनं दोन फडकी ठेवली होती. लग्नाच्या जेवणावर लाल, तेरवीच्या जेवणावर पांढरं. म्हातारीला विचारावं लागत नसे आणि बाकीच्यांसमोर नको म्हणावं लागत नसे. पांढरं दिसलं की ती गप्प बसायची आणि बायको पदराआडून तिला घरची भाकरी द्यायची.

ती भाकरी मला माहीत होती. कधीकधी बायको दोन भाकऱ्या जास्त थापायची आणि मी पुस्तकातून मान वर न करता म्हणायचो, उरतील. पांढरं फडकंही मला आठवलं. त्या मंगळवारी बायकांनी घाईत कपाटातून काढलं होतं आणि घडी करून तिच्या डोक्याखाली ठेवलं होतं. ते तिच्यासोबत गेलं.

मला खामगावला भावाकडे जायचं होतं. त्यानं तिथल्या शाळेत शब्द टाकून ठेवला होता. इथे घर रिकामं होतं आणि त्या रिकाम्या घराच्या मागच्या दारी दर दोनतीन दिवसांनी टांगा येऊन उभा राहत होता. लग्नसराई सुरू होती. आचारी निरोप पाठवायचा, "सरांना सांगा, वरण उरलं." कोणी मला विचारलं नव्हतं की तुम्ही हे कराल का. बाईंचं काम होतं, आता सर करतील, असं गावानं परस्पर धरलं होतं. शिक्षकांच्या खोलीत आता कोणी चिडवत नव्हतं. सगळे माझ्याकडे आदरानं पाहत होते आणि त्या आदरातून निसटायला जागा नव्हती.

तरी तेवढंच असतं तर मी निसटलो असतो. काम टांगेवाल्यावर सोपवता आलं असतं. खोटं सोपवता येत नव्हतं.

दर वेळी म्हातारी विचारायची. आज बाई काऊन नाही आल्या? मी म्हणायचो, पाय दुखतो. पुढच्या वेळी म्हणालो, माहेरी गेली आहे, संग्रामपूरला. माहेरून तिला परत आणावं लागलं. मग तिनं आवळ्याचं लोणचं घातलं, उशा उसवून कापूस पिंजून घेतला, शेजारणीशी तिचं वाजलं. टांग्यात बसलो की आज बायकोनं काय केलं ते मी ठरवायचो. म्हातारी पोळी मोडत ऐकायची आणि हसायची. म्हणायची, "तिले म्हना, जास्त ऊठबस करू नको." खरं सांगायचं तर तेवढी पंधरा मिनिटं मला बरं वाटायचं. त्या पडवीत बायको होती, दुसरीकडे कुठेच नव्हती. आणि पडवीतून बाहेर आलो की वाटायचं, आपण एका खोलीत शिरून आतून कडी घातली आहे आणि कडी हाताला लागत नाही.

पडवीतली बाकीची माणसं काही बोलत नसत. बोटं झडलेला म्हातारा मी बोलायला लागलो की तोंड दुसरीकडे करायचा.

पडवीतल्यांकडून हे टांगेवाल्याच्या कानावर गेलं आणि त्याला ते सोसेना. एके दिवशी लगाम हातात घेऊन, घोड्याकडे पाहतच तो म्हणाला, "किती दिवस जित्ती ठेवसान तिले?"

मी म्हणालो, सांगतो. पुढच्या खेपेला सांगतो.

पण सांगायचं म्हणजे एकच गोष्ट सांगायची नव्हती. बायको गेली हे सांगितलं की म्हातारी दिवस मोजणार, आणि त्या दिवशी आपण काय खाल्लं ते तिला कळणार. मुलासाठी इतकी वर्षं सांभाळलेलं माझ्या हातून मोडलं होतं आणि मोडलं हे तिला माहीत नव्हतं. तिला माहीत नाही तोवर ते शाबूत आहे, असं मी स्वतःला समजावत होतो. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला अशी समजूत पटकन सापडते.

मग पौष लागला. पौषात लग्नं नसतात. जे उरतं ते तेरवीचंच. एका धान्याच्या व्यापाऱ्याकडून निरोप आला. मी दुकानातून हातभर पांढरं मांजरपाटाचं कापड आणलं, धुऊन वाळवलं. मग चूल पेटवली. ज्वारीचं पीठ मळलं, थापलं. पहिली भाकरी तव्यावर टाकताना फाटली, दुसरी करपली, तिसरी जाड झाली, पण अख्खी उतरली. ती घेतली.

म्हातारीनं पांढरं फडकं पाहिलं आणि हात मांडीवर ठेवून बसली. मी तिच्या हातात भाकरी दिली. तिनं ती लगेच मोडली नाही. बोटानं कड चाचपत चाचपत पूर्ण फेरा घेतला.

"ही बाईची भाकर नाही," ती म्हणाली.

"मी केली."

"काऊन? बाई कुठी हाये?"

आणखी एक उत्तर माझ्याजवळ तयार होतं. टांग्यातच तयार केलेलं होतं. मी म्हणालो, "ती गेली. कार्तिकातच गेली."

 तिची बोटं भाकरीवर तशीच होती. मग म्हणाली, "मंग ते लाल फडक्यातलं? बुंदी होती ते?"

"तिच्या तेरवीचं होतं. मला फडक्याचं माहीत नव्हतं. त्याच दिवशी परतताना कळलं."

तिनं मान वळवून पडवीभर पाहिलं. तिला कोणाचा चेहरा दिसत नव्हता. "साऱ्यायले ठाऊक होतं?"

 बोटं झडलेला म्हातारा खोकला.

"माह्या पोराचंबी असंच हाये का, मास्तर? साऱ्यायले ठाऊक, अन् मलेच नाही?"

"नाही," मी म्हणालो. "त्याचं कोणालाच काही माहीत नाही. खरं सांगतो."

"दीड महिना तुमी मले बाई जित्ती सांगतली. आता हे खरं कसं धरू?"

ती रागावून बोलली नाही. खरोखरच विचारत होती.  मी इतकी पुस्तकं वाचली, पण एकदा खोटं बोललेल्या माणसानं खरं कसं बोलावं, ते मला कुठे सापडलं नव्हतं. मी पुन्हा तेच म्हणालो, खरं सांगतो. माझ्याच कानाला ते खोटं लागलं.

तिनं भाकरी माझ्याकडे सरकवली. पत्रावळ पुढे ओढली, तळव्यानं पुसली आणि म्हणाली, "वाढा."

मी म्हणालो, हे तेरवीचं आहे.

"हाव. वाढा."

मी वरण वाढलं, पोळी वाढली. ती शेवटच्या घासापर्यंत जेवली. त्यानंतर तिनं फडक्याचा रंग कधी पाहिला नाही. मुलाचं नावही घेतलं नाही. माझ्याशी बोलायची, पण पावसापाण्याचं.

खामगावला मी गेलो नाही. त्या आठवड्यापासून मी पत्रं लिहायला लागलो. भुसावळचे मुकादम, जळगावकडच्या गिरण्या, रेल्वेच्या कामावरचे ठेकेदार, जिथे तो गेला असेल असं कोणी म्हणालं तिथे. त्यात टांगेवाल्यानं सांगितलेलं मुलाचं नाव, उंची आणि डाव्या भुवईवरची खूण लिहायचो. तो मेला आहे असं उत्तर आलं असतं तरी मी तिला ते वाचून दाखवलं असतं. निदान कागदावरचं तिनं खरं धरलं असतं. दोन ठिकाणांहून उत्तर आलं, या नावाचा माणूस नाही. बाकी काही आलं नाही. तिला पत्रं लिहितो हे मी सांगितलं होतं. ती म्हणाली होती, लिहा.

चार वर्षांनी आषाढात ती त्याच पडवीत गेली. तिची तेरवी टांगेवाला, आचारी आणि मी मिळून केली. काही उरलं नाही.

आता टांगेवाला नाही, आचारी नाही, धर्मशाळेची मागची पडवी पाडली. माझ्याकडे लाल फडकं आहे. आलेली दोन पत्रं आहेत. भाकरी मला आता नीट येते.