तिचं तिथं आहे कोण?

उन्हात तापलेल्या नव्या फ्लेक्सला एक वास असतो, रबरासारखा, उग्र, घशाशी येऊन बसणारा. निकालाच्या दिवसांत नांदेडच्या आमच्या रस्त्यावर तो वास दाटलेला असतो, आणि मान वर करावी तर गुणवंतांचे हसरे चेहरे, एकाला झाकून दुसरा, दुसऱ्याला झाकून तिसरा! यात वाईट काय, असं तुम्ही विचाराल. काही नाही. पोरांनी रक्त आटवलेलं असतं, कौतुक व्हायलाच हवं. पण माझं डोकं फिरतं. त्या पोरांना पहाटे उठवणारी, ताप आला तर कपाळावर पट्ट्या ठेवणारी बाई कुठून आणि काय सांगून आणलेली असते, ते मला ठाऊक आहे. त्या बाजारात मी बसले आहे.

बाजारच तो! लातूरला झेरॉक्सच्या दुकानावर एक एजन्सी होती, तिथे मी कामाला होते. गल्लोगल्ली क्लासेसचं पेव फुटलं आणि आम्ही त्यांना शिक्षक, स्वयंपाकी, वसतिगृहाच्या रेक्टर पुरवू लागलो. सुनंदा तिथेच पहिल्यांदा भेटली. किल्लारीची. गणपती विसर्जनानंतरच्या, भूकंपाच्या त्या अभद्र पहाटे घराच्या ढिगाऱ्यातून ही लहानगी तेवढी जिवंत निघाली, पुढे नातेवाइकांच्या दारात वाढली, शिकली. आमचे मालक तिच्या देखत क्लासवाल्याला फोनवर सांगत होते, "किल्लारीची हाय. मागंपुढं कुणीच न्हाई. सुट्टीची कटकट न्हाई बघा!" धरणीने जिचं सर्वस्व गिळलं, तिच्या पोरकेपणाचीही जाहिरात करता येते? येते. पलीकडचा माणूस इतका खूश झाला की त्याने तिला काही विचारलंसुद्धा नाही.

माणूस रुजू झालं की एजन्सीचा त्याच्याशी संबंध संपतो. ते तिथे रमलं की रडलं, कुणी विचारत नाही. या निर्दय व्यवहाराचा मला वीट आला आणि मी नांदेडच्या एका मोठ्या क्लासच्या मनुष्यबळ विभागात नोकरी धरली. माणूस रुजू झाल्यावर इथलं काम सुरू होतं, या एका गोष्टीची मला भूल पडली होती. आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या माझ्या वडिलांना हे खातं म्हणजे नेमकं काय ते उमगेना, म्हणून ते शेजाऱ्यांना अभिमानाने सांगत, पोरगी माणसं सांभाळते. सांभाळते कसली! आल्या आल्या कळलं की इथे माणसाला संसाधन म्हणतात, आणि विहिरीचा उपसा करावा तसा त्याचा उपसा चालतो. आगीतून निघून फुफाट्यात पडले होते.

मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून सुनंदा याच क्लासमध्ये होती; त्या दिवशी फोनवर पलीकडे होते ते इथलेच संचालक. भूकंपाच्या तिथीला ती किल्लारीला जाते, जुन्या गावात जिथे त्यांची चूल होती त्या जागी दिवा लावते आणि ऊन चढेपर्यंत बसून राहते. त्या वर्षी नेमकी त्याच दिवशी मोठी सराव परीक्षा आली. तिने सुट्टी मागितली. मी संचालकांकडे गेले, तर मान वर न करता ते म्हणाले, "तिचं तिथं आहे कोण?"

तेच वाक्य, फक्त प्रश्नाचा सदरा घालून आलेलं! संतापाने मी बाहेर आले. ज्या गुणावर तुम्ही तिला पसंत केलंत, तो गुण नव्हता हो, ती जखम होती, आणि जखमेला वर्षातून एक दिवस ठणकायचीही मुभा नाही? सुनंदाला मी संचालकांचं वाक्य सांगितलं तेव्हा ती मात्र शांतपणे म्हणाली, "ज्याचं कुणी हाय, त्याला घरून बोलावणं येतंय, मॅडम. मला कोण बोलावणार? मलाच जावं लागतंय."

मी परत केबिनमध्ये शिरले. आवाज चढला होता, लपवत नाही. तिच्या जागी मी उभी राहते, गडबड झाली तर मला काढा, म्हणाले. संचालकांनी हात झटकून एकदाचं हो म्हटलं आणि सुनंदा आदल्या दिवशीच लातूरच्या बसने गेली.

त्या पहाटे वसतिगृहात हजेरीला मी उभी होते. लढाई जिंकल्याचा ताठा होता मनात, का नसावा? मुलींनी विचारलं, रेक्टरताई कुठे गेल्या? म्हटलं, आईला भेटायला गेल्यात.

चाकूरची एक मुलगी, पावसाळ्याच्या सुरुवातीला आलेली, अजून एकदाही घरी न गेलेली, परीक्षेचं पॅड छातीशी धरून उभी होती. तिने सरळ माझ्याकडे पाहिलं. "त्यास्नी सोडलं, मग आम्हाला का न्हाई सोडत, मॅडम?"

मुली मनुष्यबळात मोडत नाहीत. त्यांच्या सुट्टीवर माझी सही चालत नाही, आणि ज्यांची चालते ते परीक्षेसाठी लवकर येऊन वर आपल्या केबिनमध्ये बसले होते. मी पुढचं नाव पुकारलं आणि सगळ्यांना परीक्षेला पाठवलं.