नाणेघाटाचा दुसरा उतार

नाणेघाटात मी हौसेने गेलो नाही. मला आमच्या हेडमास्तरांनी, म्हणजे आप्पांनी, पाठवलं. कल्याणच्या शाळेमागच्या अंगणात त्यांनी मुलांकडून मातीचा आशिया करून घेतला होता. गोबीच्या वाळवंटाला उल्हास नदीची वाळू, तिबेटचं पठार बांधायला वीस टोपल्या माती, आणि सैबेरिया एवढा लांब की शेंदाडाच्या वेलापर्यंत गेलेला. आठ दिवसांनी डेप्युटीसाहेब पुण्याहून तपासणीला यायचे होते. पेन्शनीआधीची आप्पांची ही शेवटची तपासणी, आणि हा नकाशा दाखवून बाहेर पडायचं त्यांनी दोन वर्षांपासून ठरवलं होतं.

हिमालयावर बर्फ म्हणून घालायला मीठ हवं होतं. ते घेऊन पास्कू आला. हा बाळकुमच्या बाजूचा किरिस्ताव मिठागरवाला, दरवर्षी बैलांच्या तांड्याबरोबर मीठ घेऊन घाटावर जाणारा. त्याने गोणी उतरवली, हिंदुस्थानाभोवती एक फेरी मारली आणि आमच्या सह्याद्रीपाशी थांबला.

"आप्पा, यो डोंगर चुकला," तो म्हणाला. "वर चढल्यावर पलीकडं उतरायचं नाय. उतारच नाय तिकडं."

आप्पा तापले. डोंगर म्हटला की त्याला दोन बाजू असतात, हे ते तीस वर्षं शिकवत होते. मलाही त्यांनीच शिकवलं होतं, आणि आता मी त्यांच्याच हाताखाली मास्तर होतो. ते स्वतः दक्षिण कोकणातून गलबताने ठाण्याला उतरलेले. घाट त्यांनी जन्मात चढला नव्हता. छापील नकाशात सह्याद्री म्हणजे एक केसाळ सुरवंट, दोन्हीकडे सारखे केस. ते मला म्हणाले, "केशवा, याच्याबरोबर जा, पलीकडचा उतार डोळ्यांनी बघ आणि याला खोटा पाडून ये."

ज्यांना या वाटेने जायचं असेल त्यांनी थंडीत जावं आणि शिधा मुरबाडलाच भरून घ्यावा. पुढे तांदूळ मिळतो, डाळ मिळत नाही. आगगाडीने कसाऱ्यावरूनही वर जाता येतं, पण गाडीतल्या माणसाला चढ कळत नाही, फक्त बोगदे कळतात. पहिल्या दिवशी रायत्याला नदी ओलांडून आम्ही दिवस मावळायच्या आत मुरबाडला पोचलो. वाट सपाट, धूळ मात्र नाकातोंडात. पास्कू सुके बोंबील भाजून खायचा, मी वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसून दशम्या खायचो. तेवढं अंतर सोडलं तर आमचं उत्तम जमलं.

दुसऱ्या दिवशी वैशाखरे. इथून डोंगर समोर उभा राहतो, आणि उभा म्हणजे खरोखरच उभा. देवळाच्या ओसरीवर झोपायला मिळतं, पण घोंगडी आपली आपण न्यावी.

तिसऱ्या दिवशी उजाडताच चढायला लागलो. सुरुवातीला दाट झाडी, मग दगडी पायऱ्या. बैल एकेक पाय चाचपून टाकतात आणि माणसाने त्यांच्या मागे राहू नये, गोणी घसरली तर थेट अंगावर येते. शेवटी कातळातली अरुंद फट आहे. तिच्यात वारा इतका जोराचा की माझी पगडी दोनदा उडाली. फटीतून बाहेर आलो आणि मी उताराची वाट बघत उभा राहिलो.

समोर शेतं होती.

"उतार कधी लागतो?" मी विचारलं.

"चाला," पास्कू म्हणाला.

चाललो. घाटघरला मुक्काम केला, चौथ्या दिवशी पुन्हा चाललो. डोंगर होते, पण ते इकडेतिकडे जमिनीवर बसलेले. जमीन काही खाली जाईना. ओढे पूर्वेला वाहत होते, म्हणजे उतार होताच, पण ताटात आमटीने ओघळावं एवढाच. रस्त्याकडेला एक बाई हरभरा उपटत होती. तिला विचारलं, "बाई, खाली उतरायची वाट कुठे आहे?"

तिने मला पगडीपासून पायापर्यंत पाहिलं. "आलात तिकडंच की. तुम्ही खालचं दिसताय. खालची मान्सं वर आली की हेच इचारत्यात."

पास्कू हसला नाही, हे त्याचे उपकार. जुन्नरला पोचेपर्यंत मला आठवत होता तो आप्पांचा तिबेट. तो त्यांनी बरोबर केला होता: हिमालय चढला की पलीकडे उंचावरच राहायचं. पुस्तकात तसं लिहिलं होतं म्हणून. अंगणातून रोज दिसणाऱ्या डोंगराबद्दल मात्र कोणाला विचारावंसंच वाटलं नव्हतं, मलासुद्धा.

पास्कू जुन्नरच्या बाजारात राहिला. परतीचे तीन दिवस मी एकटा होतो, आणि खरं सांगतो, त्यात अडीच दिवस खोटं बोलायचं ठरवत होतो. उतार लांब आहे, दिसला नाही, असं म्हणता आलं असतं. पण डेप्युटीसाहेब पुण्याचे. ते घाट उतरूनच येणार होते. आप्पांचं सगळ्या वर्गासमोर हसं झालं असतं, आणि ते मला बघवलं नसतं.

सातव्या दिवशी दुपारी पोचलो तेव्हा आप्पा हिमालयावर मीठ पेरत होते.

"किती उतार?"

"नाही, आप्पा. उतार नाहीच."

"कुठवर गेला होतास?"

"जुन्नरपर्यंत."

त्यांनी हातातलं मीठ गोणीत परत टाकलं. मग म्हणाले, "टोपली आण." दिवस मावळेपर्यंत आम्ही दोघांनी माती टाकून दख्खन उंच केला. एकोणीस टोपल्या लागल्या. डेप्युटीसाहेबांनी दुसऱ्या दिवशी नकाशाभोवती एक चक्कर मारली, शेरेबुकात 'नकाशा ठीक' असं लिहिलं आणि ते जेवायला गेले.

मला वाटलं, सुटलो. पण आप्पांनी जुनी दाखलबुकं काढली आणि ज्यांचा पत्ता लागेल त्या प्रत्येक विद्यार्थ्याला पैशाचं एकेक पोस्टकार्ड टाकलं: 'सह्याद्रीला पलीकडे उतार नाही. मी चुकीचे शिकवले. दुरुस्त करून घ्यावे.'

पंधरा दिवसांत उत्तरं आली. कोणी नगरला कारकून, कोणी सोलापूरला तारमास्तर. जवळजवळ सगळ्यांनी एकच लिहिलं होतं: हे नोकरीवर आलो त्याच वर्षी ध्यानात आले, आपणांस कळवणे बरे दिसले नसते.

आप्पांनी ती कार्डं माझ्यासमोर ठेवली. "तुलाही बरं दिसलं नसेलच ना?"

"नाही."

"मग का सांगितलंस?"

"मला तुम्ही बघायला पाठवलं होतं."

आप्पांनी कार्डं गोळा करून नीट एकावर एक रचली. "यांना मी कधी कुठे पाठवलंच नाही," ते म्हणाले.