तवंदी घाटातली गरम हवा

मालकानं आप्पांना सरळ सांगितलं होतं, गाडी घाटात आणखी एकदा बसली तर किल्ली ठेवायची आणि घरी जायचं.

आप्पा म्हणजे माझे वडील. निपाणीच्या एका व्यापाऱ्याच्या ट्रकवर ते ड्रायव्हर होते. तंबाखूची पोती भरून बेळगावला न्यायची, येताना मिळेल तो माल आणायचा. निपाणी सोडली की थोड्याच वेळात तवंदीचा घाट लागतो, आणि गेल्या हंगामात गाडी त्या चढावरच दम टाकायला लागली. काळा धूर सोडायची, ओढ निघून जायची, मागच्या गाड्या हॉर्न मारत बाजूनं जायच्या. एकदा तर पिस्टन जळला. मालकानं इंजिन बांधून घेतलं, आणि गाडी रस्त्यावर आल्यावर परत तेच सुरू झालं.

"गिअर पाडायला हात दुखतोय काय तुजा?" मालक चारचौघांत आप्पांना म्हणाले. "वरच्या गिअरात रेटतोस, म्हणून इंजिन भाजतंय. म्हातारा झालास, कबूल कर की."

आप्पांनी मला हे फोनवर सांगितलं. "पोरी, ह्या घाटात हयात गेली माजी. गिअर कवा पाडायचा ते पायातनं कळतंय मला. पण ऐकतंय कोण?" ह्या वयाच्या ड्रायव्हरला दुसरा मालक गाडी देत नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. मला ते माहीत होतं.

मी बेळगावला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली, त्यामुळं इंजिनातलं सगळं मला येतं असं घरच्यांना वाटतं. खरं तर वर्गात प्रश्न विचारायचा म्हटलं तरी माझी जीभ अडते. पण एक गोष्ट मी वाचली होती. टर्बो बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो. दाबली की हवा तापते. म्हणून ती आधी गाडीच्या तोंडाशी असलेल्या इंटरकूलरमधून फिरवतात, तिथं समोरच्या वाऱ्यानं ती थंड होते. तिथं ती थंड झाली नाही तर विरळ हवा आत जाते, डिझेल नीट जळत नाही, धूर होतो, आणि सगळी धग पिस्टनवर येते. त्या ट्रकच्या डॅशवर पाण्याचा काटा होता, ऑइलचा होता. आत जाणाऱ्या हवेचा काटाच नव्हता. पाण्याचा काटा कधी लालात गेला नाही, म्हणून कुणाला वेगळी शंका आली नाही.

मला वाटलं, ही हवा मोजली तर आप्पा सुटतील. टर्बो बिघडलाय किंवा इंटरकूलर गळतोय असं काहीतरी आकड्यांत दिसेल, आणि मालकाला कळेल की चूक हाताची नाही, यंत्राची आहे.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये इंटरकूलरमधून इंजिनात जाणाऱ्या पाइपला भोक पाडून घेतलं, त्यात तापमान मोजणारा सेन्सर बसवला, वायर केबिनमध्ये आणून छोटा डिस्प्ले डॅशवर चिकटवला. त्याआधी टिळकवाडीतल्या माझ्या खोलीवर मी तो सेन्सर बर्फात आणि उकळत्या पाण्यात बुडवून बघितला होता. दोन्हीकडं बरोबर दाखवत होता. आप्पांनी तेवढ्यात मालकाला सांगूनही टाकलं, "माजी पोरगी मशीन लावतीया. आता बघूया दोष कुणाचा त्यो." ते ऐकून मला भीती वाटली, पण आता थांबवणार कसं?

पुढच्या खेपेला मी निपाणीहून त्यांच्याबरोबर निघाले. दुपार होती. सपाट रस्त्यावर डिस्प्ले पंचेचाळीस अंशांच्या आसपास होता. घाट सुरू झाला, आप्पांनी गिअर पाडला, अगदी वेळेवर पाडला, आणि आकडा चढायला लागला.

"किती?" आप्पा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले.

"साठ."

"आता?"

"पंच्याहत्तर. आप्पा, अजून चढतंय."

"बघ! म्हटलं नव्हतं मी?" त्यांना आनंद झाला होता. कित्येक दिवसांनी ते हसले. "भाजतंय ते आतनंच भाजतंय. माजा हात न्हवं."

नव्वदच्या पुढं गेल्यावर धूर सुरू झाला. अर्ध्या चढावर कडेला रुंद जागा बघून त्यांनी गाडी बाजूला घेतली. पाइप कुठं फुटलाय का, क्लिप सैल आहे का, ते बघायला मी उतरले. पाइप चांगला होता. मग मी गाडीच्या समोर जाऊन उभी राहिले.

गाडीच्या तोंडावर आप्पांनी हिरवी शेडनेटची जाळी बांधली होती. त्या रस्त्यावर हंगामात पुष्कळ गाड्या काही ना काही बांधतात. पुढच्या ट्रॉल्यांतून उसाचं पाचट उडत येतं, तंबाखूची भुकटी असते, ते सगळं रेडिएटरच्या पट्ट्यांत जाऊन बसतं. पण आप्पांची जाळी दुहेरी होती. आईनं मशीनवर शिवून तिला नाड्या लावल्या होत्या. तिच्यावर पाचटाचा आणि भुकटीचा असा थर जमला होता की हात लावल्यावर चटईसारखा लागला. तिच्यामागचा इंटरकूलर मात्र नव्यासारखा चकचकीत होता.

मी नाड्या सोडल्या. आप्पा केबिनमधून ओरडले, "ती कशाला काढतीस गं? घाण जाईल आत."

"थोडा वेळ आप्पा. बघू या."

उरलेला घाट आम्ही जाळीशिवाय चढलो. आकडा उतरत उतरत साठाखाली आला. धूर नव्हता.

वर आल्यावर आप्पा म्हणाले, "वरचा चढ कमीच हाय. खालचा खरा अवघड. ह्यावरनं काय ठरत न्हाई."

ते खरंच होतं. खालच्या निम्म्या चढाची तुलना वरच्या निम्म्याशी होत नाही, हे मला कॉलेजात शिकवलेलं, आणि तरी माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी हायवेच्या पुलाखालून गाडी वळवली आणि भरल्या पोत्यांसकट परत खाली उतरवली. पायथ्याशी पुन्हा वळलो. जाळी माझ्या पायाशी पडली होती, तिच्यातून तंबाखूचा वास येत होता.

दुसऱ्यांदा चढताना मी त्या आकड्याकडं बघत मनात म्हणत होते, वाढ. वाढ ना. नव्वद हो. टर्बो फुटू दे, पाइप फाटू दे, काहीही होऊ दे. गाडी बरी होऊ नये म्हणून मी हात जोडून बसले होते. आकडा छप्पन्नवर गेला, अठ्ठावन्नवर गेला आणि तिथंच थांबला. गाडी लोणी कापावं तशी चढली.

"मशीन चुकत असंल," आप्पा म्हणाले.

मला हो म्हणता आलं असतं. "बर्फात घालून बघितलंय, आप्पा."

"व्हय? बरं." मग संकेश्वर मागं पडल्यावर, "म्हंजे त्यो पिस्टन बी मीच जाळला म्हण की."

तुम्ही गाडीची काळजी केलीत, असं म्हणावंसं वाटत होतं. पण जळलेल्या पिस्टनपुढं ते वाक्य तोंडातून निघेना.

बेळगावच्या गोदामावर मालक आधीच येऊन बसले होते. "या इंजिनेर बाई! काय म्हणतंय तुमचं मशीन?"

वाटेत मी ठरवलं होतं, क्लिप सैल होती, आवळली, असं सांगायचं. जाळी सीटखाली ढकललीही होती. मी तोंड उघडलं, "तो पाइप..." आणि पुढं शब्दच येईनात.

आप्पांनी सीटखालून जाळी ओढून काढली आणि मालकांच्या पुढं टाकली. "ही मी बांधलती. हिच्यानं हवा अडत हुती. पोरीनं शोधून काढलं."

मालकांनी जाळी पायानं उलटी केली. ते चिडतील असं वाटलं होतं, पण ते हसले, आणि ते जास्त वाईट होतं. "म्हंजे गिअर न्हवं, डोस्कं. एकूण तूच की रं. किल्ली दे. थोडं दिवस घरी बस, मी सांगावा धाडतो."

सांगावा आला नाही. आई सांगायची, आप्पा फोन हातातून सोडत नाहीत. मी फोन केला की पहिल्या रिंगला उचलायचे आणि माझा आवाज ऐकून म्हणायचे, "तू व्हय." मग एके दिवशी त्यांनीच मला फोन केला.

"एक काम करशील? मालकाला फोन लाव. म्हण, मशीन चुकलं हुतं. तू शिकलेली हाईस, तुजं ऐकतील."

मी रडकुंडीला आले. "आप्पा, ते खोटं आहे."

"मला ठाव हाय खोटं हाय ते."

मी फोन लावला. खोटं बोलायचं की नाही हे रिंग वाजेपर्यंत ठरलं नव्हतं. मालकांनी उचलला तेव्हा मी एवढंच म्हणाले, की आप्पांना परत घ्या, ते आता जाळी बांधणार नाहीत, आणि गिअरची त्यांची चूक कधीच नव्हती.

"अगं, नवा पोरगा लागलाय की आता गाडीवर," मालक म्हणाले. ते खुशीत होते. "तुजं मशीन ठेवलंय मी. त्याच्याकडं बघून चालवतोय त्यो. गाडी काय वढती म्हणतीस! लई उपकार झालं बघ तुजं."

थोड्या वेळानं आप्पांचा फोन आला. "काय म्हटलं मालक?"

"दुसरा ड्रायव्हर ठेवलाय म्हणाले."

पलीकडं आई काहीतरी विचारत होती, त्यांनी तिला गप्प केलं.

"आणि गाडी?"

"चांगली ओढतेय म्हणाले."

"घाटात बी?"

"घाटातही."

"धूर?"

"नाही, आप्पा. धूर नाही."

त्यांनी फोन ठेवला नव्हता, त्यांचा श्वास ऐकू येत होता. मीही ठेवला नाही.