दोन भाऊ, एक गाडी आणि एसीचा कान

आटपाट कळवा होतं आणि मुंब्र्याचा बायपास, शीळफाट्याचं ट्रॅफिक असं सगळं ओलांडलं की पलीकडे आटपाट डोंबिवली होती. कळव्यात थोरला भाऊ विजू राहायचा, डोंबिवलीत धाकटा पम्या. दोघांत मिळून एक गाडी आणि एक आई. आई म्हणजे मी. गाडी एक महिना कळव्याला, एक महिना डोंबिवलीला. मीही तशीच. महिन्याच्या पहिल्या रविवारी गाडी पोचवायची, आणि गाडीत बसवून मला. एका फेरीत दोन कामं!

अशा घरात किस्से साठायला मोठं काही घडावं लागत नाही. सुपारीएवढी वस्तू पुरते. आमच्याकडे पुरला तो गाडीतल्या एसीचा कान. पोरं त्याला नॉब म्हणतात. पण आमच्या जुन्या रेडिओला दोन कान होते, ते पिळले की आवाज चढायचा. तसाच हा. तो पिळला की वारा गार होतो, नाहीतर गरम.

तर हा कान एका रविवारी विजूच्या हातात आला.

पम्या मला आणि गाडीला घेऊन कळव्याला पोचला होता. विजू गाडी ताब्यात घेताना सगळं तपासून घेतो. सरकारी ऑफिसात जन्म काढलाय ना. त्याने कान पिळला आणि तो सुटा होऊन मुठीत आला.

"पम्या, नॉब तोडलास तू!"

"मी? तुझ्या हातात आहे तो!"

"हातात आला. आधीच तुटलेला होता."

"तुटला नाही दादा, निघाला. निघालेला परत बसतो."

"मग बसव."

पम्याने बसवून बघितला. बसेना.

"बघ! तुटलाय."

"तू पिळलास म्हणून तुटला!"

तुटला की निघाला, तुटला की निघाला! दोघांचीही पन्नाशी कधीच उलटलेली. पोहे गार होताहेत म्हणून थोरली सून शुभांगी खाली आली, तोवर पम्या रिक्षात बसून गेलासुद्धा. त्याच्या वाटचे पोहे विजूने खाल्ले. रागारागाने, पण खाल्ले.

त्यानंतर अकरा महिने भाऊ भावाशी बोलला नाही.

* * *

पण गाडी एकच. गेटपाशी लावायची, किल्ली माझ्या हातात द्यायची आणि परस्पर परत फिरायचं. तेव्हा बोलणं चिठ्ठ्यांवर आलं. डॅशबोर्डवर चिकटवायच्या. शुभांगी मला वाचून दाखवायची. "टायरमध्ये हवा भरलेली आहे. कृपया नोंद घ्यावी." महिन्याने उलट उत्तर यायचं, "नोंद घेतली. आपला आभारी आहे."

आपला! ज्याची शेंबडी बोटं विजूने स्वतःच्या शर्टाला पुसली, तो याला 'आपला' लिहितोय!

* * *

पहिली दुरुस्ती विजूची. खोबरेल तेलाच्या बाटलीचं निळं झाकण घेतलं, त्यात झटपट चिकटणारा गोंद घातला आणि उघड्या दांडीवर दाबून धरलं. ट्यूबवर लिहिलं होतं, एक मिनिट धरा. पण सरकारी माणूस, एका मिनिटात काम कसं संपवेल? दहा मिनिटं धरलं. झाकण बसलं, आणि विजूचा अंगठाही बसला.

वॉचमन आला. "साहेब, गेट उघडू?"

"नको."

थोड्या वेळाने परत. "साहेब, निघताय ना?"

"कुठेही निघत नाहीये!"

शुभांगीने खिडकीतून चहा पाजला. शेवटी वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या सुनेने नेलपॉलिश काढायचं पाणी आणून त्याची सुटका केली. तरी चिठ्ठी गेलीच, "झाकण पक्के बसविले आहे. जोरात पिळू नये."

डोंबिवलीला पम्याने पिळलं. झाकण हातात.

या वेळी मात्र पम्या म्हणाला, "तुटलं!"

* * *

पम्या शाळेत सायन्स शिकवतो. त्याने झाकणबिकण काही केलं नाही, सरळ पक्कड घेतली. दांडी पकडीत धरायची आणि फिरवायची. पक्कड तिथेच लटकलेली असायची.

एकदा मानपाडा रोडच्या नाक्यावर ट्रॅफिक हवालदाराने गाडी अडवली. आत वाकून बघतो तर पक्कड.

"हे काय?"

"एसी."

"आणि ब्रेक कशाने लावता, हातोडीने?"

मग त्याने पम्याकडे नीट बघितलं. "सर, तुम्ही?"

पम्या खूश झाला. "अरे, तू माझा विद्यार्थी का?"

"हो सर. तुम्ही तरफ शिकवलेली. तेव्हा कळली नव्हती, आज कळली."

* * *

यात आमच्या सईचं ठरलं. सई म्हणजे पम्याची एकुलती एक लेक. मुलगा बदलापूरचा, चांगला आहे. साखरपुड्याची तारीख निघाली. विजूला मूलबाळ नाही. सईला खांद्यावर घेऊन त्याने अख्खं कळवा फिरवलेलं.

मी पम्याला म्हटलं, "दादाला बोलवायला कधी जातोस?"

"चिठ्ठी लावतो ना गाडीत."

विजूला म्हटलं, "तुझ्या सईचा साखरपुडा आहे."

"चिठ्ठीवर मी जाणार नाही. मला काय हवा भरायला बोलावतोय?"

झालं! मला रात्रंदिवस एकच घोर. साखरपुड्याला सईचे मोठे काका नाहीत, हे मला बघवलं नसतं.

* * *

पुढच्या महिन्यात विजू मला घेऊन नौपाड्यात पार्ट्सच्या दुकानात गेला.

दुकानदार म्हणाला, "काका, नुसता नॉब मिळत नाही. पूर्ण पॅनल घ्यावं लागेल."

"अहो, शर्टाचं बटण तुटलं तर कोणी शर्ट नवा घेतं का?"

दुकानदाराने बाहेरच्या गाडीकडे बघितलं. "काका, शर्टही घ्यायला हरकत नाही आता."

मग कळव्यातल्याच एका मेकॅनिकने भंगारातल्या दुसऱ्या गाडीचा कान काढून आणला. "बसेल, पण खोबणी उलटी आहे. रेघ लाल खुणेवर नेली की गार, निळ्यावर नेली की गरम. एवढं लक्षात ठेवा."

शुभांगी म्हणाली, "भाऊजींनाही चिठ्ठीत लिहा हं, उलटं आहे म्हणून."

"उलटा आहे असं लिहू? म्हणजे तो सगळीकडे सांगेल, दादाला एक नॉब धड बसवता येत नाही!"

चिठ्ठी लागली, "नॉब नवीन बसविला आहे. कृपया काळजीपूर्वक वापरावा."

त्या महिन्यात आम्ही कळवा-ठाणे पुष्कळ हिंडलो. काय गार वारा यायचा!

* * *

मग मे महिना. गाडी आणि मी डोंबिवलीत. साखरपुड्याला बारा दिवस राहिलेले, आणि हॉलचा पत्ता नाही. पम्या, धाकटी सून नीता आणि मी हॉल बघायला निघालो. भर दुपारी शीळ रोडवर अडकलो. पुढे ट्रक, मागे ट्रक, काच खाली केली की धूळच धूळ.

पम्याने रेघ निळ्यावर नेली. आतून भट्टी सुरू झाली.

"अजून थंड करा," नीता म्हणाली.

पम्याने आणखी निळ्याकडे पिळला. आणखी आग!

"फुल्ल निळ्यावर आहे! दादाने गॅसही घालवला वाटतं."

"अहो, दादांना फोन लावा."

"मी? मी नाही लावणार."

दहा मिनिटं गेली. पम्याचा शर्ट पिळून बादली भरली असती. नीताची टिकली घसरून नाकावर आली. मी मागे पदराने वारा घेत बसलेले. शेवटी पम्याने फोन लावला, स्पीकरवर.

पलीकडे उचलला. पम्याने हॅलोबिलो न म्हणता विचारलं, "दादा, गार कुठल्या बाजूला?"

"लाल."

"लाल?"

"लाल म्हणतोय ना, गाढवा! उलटा बसलाय तो!"

पम्याने पिळला. गार वारा आला तसा तो एकदम लहानपणीसारखा हसायला लागला. विजू पलीकडून ओरडला, "हसतोस काय? भर उन्हात आईला घेऊन कुठे निघालायस?"

"हॉल बघायला. सईच्या साखरपुड्याला. एकही मिळत नाहीये, दादा."

"बारा दिवस राहिलेत आणि हॉल नाही? आणि मला आत्ता सांगतोस? तिथेच थांब. आमच्या कळव्यातला हॉल बघतो मी, सेक्रेटरी ओळखीचा आहे. सईला म्हणावं, काका बघतायत सगळं."

तास उलटायच्या आत हॉल मिळाला. साखरपुडा कळव्यातच झाला. विजू मांडवात असा फिरत होता, जसा काही मुलीचा बाप तोच. आणि पोहे या वेळी दोघांनी एकाच ताटात खाल्ले.

पण त्या दिवशी गाडीत फोन ठेवल्यावर नीता वळून माझ्याकडे बघत राहिली.

"आई, महिनाभर कळव्यात तुम्ही याच गाडीतून फिरलात ना? मग लाल म्हणजे गार, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी म्हटलं, "अगं, मला कुठे लिहिता-वाचता येतं!"