निष्ठेचा रकाना

नाव : सेवापुस्तकात नोंदल्याप्रमाणे. हुद्दा : वरिष्ठ लिपिक, समिती शाखा, विधिमंडळ सचिवालय. सेवा : एकतीस वर्षे, अखंड. वर्तणूक : समाधानकारक. विशेष गुण : अचूकता. दोष : आढळून आला नाही. ओळखीची खूण : उजव्या हाताच्या मधल्या बोटावर पेन्सिलीचा घट्टा.

सेवापुस्तकात लिहायचं राहिलं ते एवढंच, की या गृहस्थांना सगळी इमारत टिंबराव म्हणते. सभागृहात नावं पुकारून मतदान झालं, की सभासदांच्या छापील यादीवर पेन्सिलीने टिंबं देत जाणं हे त्यांचं काम. ‘होय’ म्हणणाऱ्याच्या नावाच्या डावीकडे टिंब, ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या उजवीकडे, आणि जो आलाच नाही त्याचं नाव कोरं. वर्षाअखेर या याद्यांचा गठ्ठा बांधायचा, सुतळीला गाठ मारायची आणि तळघरातल्या फडताळात ठेवून द्यायचा. तो गठ्ठा पुन्हा सोडलेला कोणी पाहिला नव्हता.

टिंबरावांचं दुसरं काम ज्येष्ठता यादीचं. सत्ताधारी पक्षातला जो सभासद एखाद्या समितीवर सर्वांत जास्त वर्षं सलग बसला असेल, त्याला तिचं अध्यक्षपद द्यायचं, असा तिथला रिवाज होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून इतकी वर्षं टिकला. टिंबरावांनी यादी करायची, वरून सही व्हायची, संपलं.

त्या वर्षी पाणीपुरवठा समितीचे जुने अध्यक्ष पायउतार झाले, आणि यादीत पहिलं नाव होतं कंपाउंडरांचं. एकोणीस वर्षं. निवडून येण्याआधी हे गृहस्थ खालच्या वस्तीतल्या दवाखान्यात बाटल्या भरायचे, आणि कुणाचं पोट कुठल्या नळाच्या पाण्याने बिघडलंय हे चेहरा बघून सांगायचे. समितीवर आल्यापासून त्यांचं एकच म्हणणं होतं : जलशुद्धीकरण केंद्राच्या अभियंत्यांना कागदपत्रांसह समितीपुढे उभं करा. पण बोलावण्याचा अधिकार फक्त अध्यक्षाला. अध्यक्ष दर वेळी मान डोलवत आणि पुढचा विषय घेत.

यादीत दुसरे होते मेहुणे. पक्षाच्या पुढाऱ्यांच्या पत्नीचे सख्खे बंधू. पुढाऱ्यांचे मेहुणे म्हणून दारावरच्या शिपायापासून सचिवांपर्यंत सगळ्यांचेच मेहुणे. अकरा वर्षं समितीवर होते. समितीची खोली कुठल्या मजल्यावर आहे हे मात्र त्यांना विचारून घ्यावं लागे.

टिंबरावांचं घर त्याच खालच्या वस्तीत. त्यांची बायको नळाला फडकं बांधायची. दोन दिवसांत त्याचा रंग उकळलेल्या चहासारखा होई.

“तुमचे कंपाउंडर बसणार तरी कधी त्या खुर्चीत?” फडकं पिळत ती म्हणाली. “माझ्या जुन्या साड्या संपल्या. आता तुमचे सदरे फाडायला घेईन.”

“या महिन्यात. पहिलं नाव त्यांचंच आहे.”

“यादी तुम्हीच करता ना?”

“मीच.”

“मग झालं तर,” ती म्हणाली, आणि टिंबरावांना उगाच दोन बोटं उंच झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी प्रतोदांनी बोलावलं. मतदानाच्या वेळी पक्षाची माणसं एका बाजूला हाकून नेणं हे प्रतोदांचं काम, आणि माणूस त्या कामासारखाच झालेला.

“टिंबराव, यंदा ज्येष्ठतेबरोबर निष्ठाही बघायची ठरलीय. यादीत एक रकाना वाढवा.”

“निष्ठा मोजायची कशी, साहेब?”

“पक्षाच्या विरोधात कोणी किती वेळा मत दिलं, तो आकडा. गेल्या पाच वर्षांचा पुरे. सगळ्यांचं शून्यच येणार म्हणा.” प्रतोदांनी कपाळ चोळलं. “शून्याला शून्य आलं की कंपाउंडरलाच द्यावं लागणार, आणि मेहुण्यांना काय सांगायचं हा माझ्या डोक्याला ताप.”

शहाण्या माणसाने पाच वर्षांचे गठ्ठे सोडले असते, दोन शून्यं लिहिली असती आणि घरी जाऊन निवांत झोपला असता. पण यादीच्या पहिल्या रकान्यात एकोणीस वर्षं आणि दुसऱ्यात पाच, हे टिंबरावांना एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घातल्यासारखं वाटलं. नाकाला रुमाल बांधून ते तळघरात उतरले आणि तीन दिवस एकोणीस वर्षं उपसत बसले.

तिसऱ्या दिवशी, सोळा वर्षांपूर्वीच्या गठ्ठ्यात, कंपाउंडरांच्या नावाच्या उजवीकडे एक टिंब निघालं. शुद्धीकरण केंद्र ठेक्याने देण्याचं विधेयक. त्या दिवशी कंपाउंडर दहा मिनिटं बोलले होते, ‘नाही’ म्हणाले होते, पक्षाने त्यांची कानउघाडणी केली होती आणि मग सगळे विसरून गेले होते. कंपाउंडरसुद्धा.

टिंब पेन्सिलीचं होतं. खोडरबर खिशात होतं. टिंबरावांचा हात खिशाकडे गेला नाही. यात सचोटी वगैरे काही नव्हती. इतक्या वर्षांत तसली सवयच लागली नव्हती. त्यांनी निष्ठेच्या रकान्यात ‘१’ लिहिला. मात्र मन खाऊ लागलं म्हणून स्वतःच्या अकलेने शेजारी आणखी एक रकाना आखला : हजर. मेहुण्यांच्या अकरा वर्षांत चारशे बारा मतदानं झाली होती. त्यांतल्या एक्केचाळिसांना मेहुणे हजर. डोळे असणाऱ्याला याहून जास्त काय सांगायचं, असं म्हणत टिंबराव यादी घेऊन वर गेले.

प्रतोदांचं बोट त्या ‘१’वर येऊन थांबलं. चेहऱ्यावर माया दाटली.

“हे कुठून काढलंत?”

“सोळा वर्षांपूर्वीचं आहे, साहेब. तुम्ही पाचच म्हणाला होतात, पण...”

“मी काय म्हणालो ते सोडा हो. बसा. चहा घ्या.”

एकतीस वर्षांत त्या खोलीत टिंबरावांना कोणी बसा म्हटलं नव्हतं. चहा आला. प्रतोदांनी पट्टी घेतली आणि हजेरीच्या रकान्यावर सरळ रेघ मारली.

“हजेरी शाळेत घेतात, टिंबराव. आपण निष्ठा मोजतोय. अकरा वर्षांत माणूस एकदाही विरोधात गेला नाही.”

“तसं बघितलं तर साहेब, त्यांची रिकामी खुर्चीही कधी विरोधात गेलेली नाही.”

प्रतोद पोट धरून हसले. “खरंय. पण खुर्चीची बहीण आमच्या साहेबांच्या घरात दिलेली नाही ना.” डोळे पुसत त्यांनी कागद पुढे सरकवला. “हा रकाना वगळून चांगल्या अक्षरात लिहा. खाली ‘तपासले, बरोबर आहे’ म्हणून सही.”

टिंबरावांनी लिहून काढलं. त्यातला एकही आकडा खोटा नव्हता, आणि पंचाईत होती ती तीच. खोटं लिहायला सांगितलं असतं तर निदान नाही म्हणता आलं असतं. त्यांनी सही केली. कपात उरलेला चहा बशीसकट दूर सारला.

मेहुण्यांचं नाव वर असलेली यादी फलकावर लागली त्या दुपारी कंपाउंडर शाखेत आले. बसले नाहीत.

“अक्षर तुमचं ना?”

“हो.”

“मला स्वतःला आठवत नव्हतं हो. इतकं मागचं कोणी मागवलं?”

‘प्रतोदांनी’ एवढं म्हटलं असतं तरी चालून गेलं असतं. तो शब्द टिंबरावांच्या दातांपर्यंत आलाही होता.

“कोणी नाही. त्यांनी पाचच वर्षं मागितली होती. बाकीची मीच काढली.”

कंपाउंडरांनी फक्त मान हलवली. राग असता तर बरं झालं असतं. “दवाखान्यात एकदा माझ्या हातून असं झालं होतं,” ते म्हणाले. “चिठ्ठीवर डोस अगदी बरोबर लिहिला, आणि बाटली भलत्याच्याच हातात दिली.” आणि निघून गेले. पुढची निवडणूक त्यांनी लढवली नाही.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. “पाच मागितली तर पाच द्यावीत. एकोणीस द्यायला तुमचं काय जात होतं, दुसऱ्याचंच तर गेलं,” ती म्हणाली. “याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.” मग उठून तिने त्यांचा निळा सदरा घेतला आणि त्याच्या बाहीला कात्री लावली. 

वर्षाअखेर समितीचा अहवाल लिहिणंही टिंबरावांकडेच होतं. मजकूर वरून आला होता, त्यांनी फक्त चांगल्या अक्षरात उतरवला : मा. अध्यक्षांच्या निष्ठावान व अनुभवी नेतृत्वाखाली समितीने शुद्ध पाणीपुरवठ्याच्या प्रश्नाचा सर्वंकष व सखोल आढावा घेतला असून तिचे कामकाज समाधानकारकरीत्या पार पडले.

त्या वर्षी समितीची एकही बैठक झाली नाही.